तंबाखूच्या मुलखात बिडी सोडताना : औषध आणि समुपदेशनाची वाट

निपाणी हे नाव मराठी वाचकाला तंबाखूपासून वेगळे करता येत नाही. बिडीत भरला जाणारा कडक तंबाखू बेळगाव जिल्ह्याच्या या टोकाला पिढ्यान्‌पिढ्या पिकत आला. शेंडे खुडणे, पाने उन्हात वाळवणे, वखारीत माल कुटून-चाळून पोत्यांत भरणे, घरोघरी बिड्या वळणे, या साखळीवर शेतकरी, कामगार स्त्रिया आणि व्यापारी अशी हजारो कुटुंबे उभी राहिली. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी येथेच पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. वखारीतील स्त्रियांनीही मजुरीसाठी संघटना उभारली. तंबाखूविषयी या भागात जे जाहीरपणे बोलले गेले ते असे भावाविषयी, मजुरीविषयी आणि कराविषयी. तो ओढणाऱ्याचे पुढे काय होते, हा प्रश्न घराच्या उंबरठ्याआतच राहिला.

त्यामुळे विशी-पंचविशीतल्या तरुणाला बिडी किंवा सिगारेट सोडावीशी वाटली, तर त्याच्यापुढे साधारणपणे दोनच वाटा ठेवल्या जातात. एक देवाची शपथ, दुसरी मनाचा निग्रह. चार दिवसांत दोन्ही मोडल्या की ‘याच्याने होणार नाही’ असा शिक्का बसतो आणि तो स्वतःही ते खरे मानू लागतो. तिसरी वाट दवाखान्याची आहे. ती अनेक दशकांच्या चाचण्यांतून तावून-सुलाखून निघालेली आहे आणि सीमाभागात आवाक्याबाहेरचीही नाही. फक्त तिकडे जाण्याची रीत पडलेली नाही.

प्रौढांच्या तंबाखूसेवनाचे देशव्यापी सर्वेक्षण २०१६-१७ मध्ये झाले. त्यानुसार कर्नाटकात २२.८ टक्के, महाराष्ट्रात २६.६ टक्के, तर गोव्यात ९.७ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होते. धूम्रपान तेवढे पाहिले तर चित्र थोडे बदलते : कर्नाटकात ८.८ टक्के, गोव्यात ४.२ आणि महाराष्ट्रात ३.८ टक्के. महाराष्ट्रातील व्यसन मुख्यतः तोंडात धरण्याचे, कर्नाटकात त्याला ओढण्याचीही मोठी जोड. निपाणी या दोहोंच्या सीमेवर असल्याने येथील तरुणाच्या एका खिशात बिडीचे बंडल आणि दुसऱ्यात माव्याची पुडी आढळली, तर नवल नाही. त्याच सर्वेक्षणात देशातील धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या मनात ते सोडण्याचा विचार होता आणि ३८.५ टक्के लोकांनी आदल्या वर्षभरात तसा प्रयत्नही केला होता. म्हणजे इच्छेची वानवा नाही. कोणत्याही मदतीशिवाय केलेल्या प्रयत्नांतून मात्र शंभरात चार-पाच जणच सहा महिने ते वर्षभर तंबाखूपासून दूर राहतात. योग्य औषध आणि समुपदेशन यांची जोड मिळाली की हे प्रमाण दुपटीहून अधिक होते. दुप्पट झाले तरी बहुतेकांना पहिल्या खेपेस यश येत नाहीच. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे अपयशाला कोणी चारित्र्याचा दोष समजणार नाही.

तलफ कशी लागते

झुरका घेतल्यापासून अवघ्या दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. तेथील ठरावीक ग्राहकांना ते चिकटते, डोपामिन स्रवते आणि क्षणभर बरे वाटते. रक्तातील निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, की अस्वस्थता, चिडचिड, चित्त न लागणे सुरू होते. पुढची बिडी आनंदासाठी कमी आणि ही अस्वस्थता शमविण्यासाठी अधिक ओढली जाते. नियमित सेवनाने मेंदूतील हे ग्राहक संख्येने वाढतात. विशीच्या आसपास मेंदूची जडणघडण चालूच असते, त्यामुळे या वयात लागलेली सवय खोलवर रुजते. देशात रोजच्या तंबाखूसेवनाची सुरुवात सरासरी १९ व्या वर्षाच्या सुमारास होते, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात घ्यावी लागते.

अवलंबन किती खोल आहे, हे जोखण्यासाठी डॉक्टर एक साधा प्रश्न विचारतात : सकाळी उठल्यावर पहिली बिडी किंवा सिगारेट किती वेळाने लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर अवलंबन तीव्र समजावे. दिवसातून किती ओढता, हा प्रश्न त्यानंतरचा.

बिडीच्या बाबतीत येथे एक गफलत होते. सिगारेटच्या तुलनेत बिडीत तंबाखू फारच थोडा असतो, म्हणून ती सौम्य, ‘आपल्या मातीतली’ आणि म्हणून निरुपद्रवी, असा समज आहे. प्रत्यक्षात बिडीच्या तंबाखूत निकोटिनचे प्रमाण जास्त असते. तेंदूचे पान सच्छिद्र नसल्याने धुरात बाहेरची हवा कमी मिसळते आणि बिडी विझू नये म्हणून झुरके वारंवार व खोल घ्यावे लागतात. परिणामी डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड फुप्फुसांत भरपूर जातात. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील एका मोठ्या अभ्यासात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी, बिडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे १० वर्षांनी घटलेले आढळले. उलट, अमेरिकेतील २०१३ च्या अभ्यासाने दाखविले की, २५ ते ३४ या वयात सिगारेट सोडणाऱ्यांना ही गमावू पाहणारी जवळजवळ सगळी वर्षे परत मिळतात. चाळिशीनंतर सोडण्यातही लाभ आहेच, पण इतका पूर्ण नाही.

औषधे कोणती आणि कशी

सर्वांत परिचित उपाय निकोटिन पर्यायी उपचाराचा. च्युइंगगम, गोळी किंवा त्वचेवर लावायची पट्टी यांतून शरीराला थोडे निकोटिन दिले जाते आणि आठवड्यांमागून आठवडे ते कमी केले जाते. विष काढायला विषच कशाला, अशी शंका अनेक पालक घेतात. तिचे उत्तर असे की, व्यसन निकोटिन लावते, पण कर्करोग, हृदयविकार आणि श्वसनविकार यांचे मुख्य कारण धूर आहे. पट्टीतून निकोटिन रक्तात हळूहळू उतरते. झुरक्यासारखा झटका मेंदूला बसत नाही, म्हणून तिचे व्यसन सहसा लागत नाही.

गमचा उपयोग बहुतेक जण चुकीचा करतात आणि मग ‘काही फरक पडला नाही’ म्हणून सोडून देतात. हे गम सतत चघळायचे नसते. तिखटसर चव येईपर्यंत सावकाश चघळावे, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवावे. चव ओसरली की पुन्हा थोडे चघळावे. असे अर्धा तास चालते. निकोटिन तोंडाच्या आतील त्वचेतून शोषले जाते. लाळेबरोबर गिळले तर उचकी, जळजळ आणि मळमळ एवढेच पदरात पडते. गमच्या आधी पाव तास कॉफी, शीतपेय किंवा लिंबू सरबत घेऊ नये, कारण आम्लामुळे शोषण मंदावते. तंबाखूची गुळणी धरणाऱ्याला गालात काही धरून ठेवण्याची कला शिकवावी लागत नाही, हा त्यातल्या त्यात फायदा. भारतात २ मिलिग्रॅमचे गम औषध दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ४ मिलिग्रॅमच्या गमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. सकाळी उठताच बिडी लागणाऱ्याला सहसा जास्त मात्रेची गरज असते.

पट्टी दिवसातून एकदा, दंड किंवा पाठीसारख्या केस नसलेल्या कोरड्या जागी लावतात आणि जागा रोज बदलतात. दिवसाला दहापेक्षा अधिक सिगारेटी ओढणाऱ्यासाठी सहसा २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून पुढे १४ आणि ७ मिलिग्रॅमवर उतरतात. पट्टी दिवसभर पाया सांभाळते आणि अचानक उसळलेली तलफ गम शमवतो, म्हणून दोन्ही मिळून वापरणे एकट्या उपायापेक्षा परिणामकारक ठरते. बिडी ओढणाऱ्याने डॉक्टरांना बिड्यांचा खरा आकडा सांगावा. बिडी लहान म्हणून तिचा हिशेब अर्ध्या सिगारेटीचा धरला, तर मात्रा कमी पडते आणि दोष औषधावर येतो.

निकोटिन नसलेल्या औषधांत वॅरेनिक्लिन सर्वांत प्रभावी गणले जाते. निकोटिन ज्या ग्राहकांना चिकटते त्यांनाच ते चिकटते आणि त्यांना अर्धवटच चेतवते. त्यामुळे तलफ कमी होते, शिवाय चुकून बिडी ओढली तरी तिची गोडी लागत नाही. सोडण्याच्या तारखेपूर्वी आठवडाभर ते अल्प मात्रेत सुरू करून पूर्ण मात्रेवर नेतात आणि एकंदर १२ आठवडे देतात. मळमळ आणि विचित्र, ठसठशीत स्वप्ने हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम. जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर गोळी घेतल्यास मळमळ कमी होते. या औषधाने मनोविकार बळावतात, अशी धास्ती एके काळी होती. आठ हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. त्यांत तसा लक्षणीय धोका दिसला नाही आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकी औषध प्रशासनाने वेष्टनावरील ठळक इशारा काढून टाकला. तरीही मनाच्या आजाराचा इतिहास असल्यास तो डॉक्टरांपासून लपवू नये. दुसरे औषध बुप्रोपिऑन. ते मुळात नैराश्यावरचे. ज्याला कधी फिट आली असेल त्याला ते देत नाहीत. ही दोन्ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

वयाचा मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. या औषधांचे भक्कम पुरावे प्रौढांविषयीचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये जाहीर केलेली तंबाखूमुक्ती उपचाराची पहिली मार्गदर्शिकाही प्रौढांसाठीच आहे. १८ वर्षांवरील तरुण तिच्या कक्षेत येतात. दहावी-बारावीच्या मुलांसाठी मात्र औषधाचा पुरावा तोकडा आहे आणि तेथे समुपदेशनावर भर द्यावा लागतो. ई-सिगारेटचा मार्ग काही तरुण सुचवितात. भारतात २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन आणि विक्री दोन्ही निषिद्ध आहेत. शिवाय ती सोडवायलाच आता औषध लागते. १६ ते २५ वर्षे वयाच्या ई-सिगारेट ओढणाऱ्यांवर अमेरिकेत वॅरेनिक्लिनची चाचणी झाली, तिच्यात उपचाराच्या अखेरच्या चार आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के, तर औषधाचा आभास देणारी गोळी घेणाऱ्यांपैकी १४ टक्के ती पूर्णपणे टाळू शकले. दोन्ही गटांना समुपदेशन मिळत होते, हे विसरून चालणार नाही.

बंडलापेक्षा गम महाग

सिगारेट ओढणाऱ्याला खर्चाचा हिशेब मांडून दाखविता येतो : तीन महिन्यांची औषधे वर्षभराच्या सिगारेटींपेक्षा स्वस्त पडतात. बिडीच्या बाबतीत हा युक्तिवाद लंगडा पडतो. बिडीवरचा कर सिगारेटच्या मानाने कमी, बंडल स्वस्त, आणि बिडीच्या घरात तर तिला किंमतच नाही. दिवसभराच्या गमला दिवसभराच्या बिड्यांपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. शेतमजुराच्या किंवा हमालाच्या मुलाने स्वतःच्या खिशातून ते मोजावेत, अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून नाही. उपचार कितीही उत्तम असला तरी निपाणीसारख्या ठिकाणी तो टिकायचा तर सरकारी दवाखान्यातून मोफत मिळाला पाहिजे. केंद्र सरकारने २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत निकोटिन पर्यायी उपचाराचा समावेश केला आहे. सरकारी खरेदीची औषधे ठरवताना याच सूचीचा आधार घेतला जातो. तेव्हा तालुका रुग्णालयात गम किंवा पट्टी विचारणे ही मेहेरबानीची मागणी ठरत नाही.

राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा पातळीवर तंबाखूमुक्ती केंद्राची योजना आहे. बेळगावचे जिल्हा रुग्णालय सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी, म्हणजे ‘बिम्स’शी जोडलेले आहे, तेथील मानसोपचार किंवा छातीरोग विभागात प्रथम चौकशी करावी. दंतवैद्यक महाविद्यालय हे दुसरे, बहुधा अधिक सोयीचे दार. तंबाखूचे डाग आणि हिरड्यांचे विकार दंतवैद्यालाच आधी दिसतात, आणि दात दाखवायला आलेल्या तरुणाकडे कोणी व्यसनी म्हणून पाहत नाही. प्रत्येक दंत महाविद्यालयात तंबाखूमुक्ती केंद्र असावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे २०१८ मध्ये आली. बेळगावात केएलई संस्थेचे आणि मराठा मंडळाचे अशी दोन दंत महाविद्यालये आहेत. गोव्याला या कामाची ओळख जुनी आहे : जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने २००२ मध्ये देशात १३ तंबाखूमुक्ती केंद्रे सुरू झाली, त्यांत गोव्यातील एक होते.

समुपदेशनात काय घडते

समुपदेशन म्हणजे उपदेश, अशी समजूत असल्याने तरुण त्यापासून लांब राहतात. प्रत्यक्षात पहिल्या भेटीत समुपदेशकच जास्त ऐकतो. बिडी कधी, कोठे, कोणाबरोबर आणि कोणत्या मनःस्थितीत ओढली जाते, याची नोंद आठवडाभर करायला सांगितले जाते. मग येत्या दोन आठवड्यांतली एक तारीख ठरते. त्या तारखेपूर्वी खोलीतील बंडल, लायटर, राखदाणी दूर केली जाते आणि दोन-तीन जवळच्या माणसांना कल्पना दिली जाते. तलफ लाटेसारखी येते आणि काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ कसा काढायचा, याचा सराव हा समुपदेशनाचा गाभा. पाणी पिणे, जागा बदलणे, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाकणे, कोणाला तरी फोन करणे, असे उपाय दिसायला क्षुल्लक वाटतात. पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो; तीन-चार आठवड्यांत शरीराची कुरबुर बरीच शमते.

सीमाभागातील तरुणाची नोंदवही शहरी पुस्तकातील नमुन्यापेक्षा वेगळी निघते. उद्यमबाग किंवा मच्छेच्या कारखान्यांतील रात्रपाळीत झोप घालविण्यासाठी बिडी लागते. वसतिगृहातला विद्यार्थी फक्त टपरीवर, चहाबरोबर, मित्रांसोबत ओढतो आणि स्वतःला धूम्रपान करणारा मानतच नाही. त्याला औषधापेक्षा ‘नको’ म्हणण्याचा सराव अधिक उपयोगी. लष्करभरतीची तयारी करणारी मुले या भागात गावोगावी दिसतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्याने ते स्वप्न डोळ्यांसमोर असते. चाळीस वर्षांनंतरच्या कर्करोगाची भीती त्यांना हलवीत नाही, पण १.६ किलोमीटरच्या धावण्यात लागणारा दम त्यांना रोज कळतो. धूम्रपान थांबविल्यावर रक्तातील कार्बन मोनॉक्साइड एका दिवसात उतरते आणि काही आठवड्यांत दम सुधारू लागतो. चांगला समुपदेशक तेथूनच बोलायला सुरुवात करतो.

चहाचा मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीनचा निचरा भराभर करते. धूर थांबला की हा वेग मंदावतो आणि तेवढाच चहा-कॉफी अधिक चढते. छातीत धडधड आणि निद्रानाश सुरू होतो. बिचारा तरुण समजतो की बिडी सोडल्यानेच हे झाले. त्या काळात चहा निम्म्यावर आणावा. दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्यांना याच कारणाने मात्रा बदलावी लागू शकते. त्यांनी डॉक्टरांना कल्पना द्यावी.

ज्याच्या घरचे पोट तंबाखूवर चालते त्याचा पेच आणखी निराळा. बिडी सोडणे त्याला बापाच्या शेताविरुद्ध किंवा आईच्या वखारीतील कष्टांविरुद्ध बोलल्यासारखे वाटते. समुपदेशकाने तेथे पिकाचा वाद उकरू नये. ऊस आणि सोयाबीनने या पट्ट्यातील तंबाखूची जागा बरीच घेतली आहे, तरी तो निर्णय कुटुंबाचा, पाण्याचा आणि बाजाराचा. मुलाचे फुप्फुस हा स्वतंत्र विषय आहे. बिडी सोडून मावा किंवा गुटखा धरणे ही मात्र सुटका नव्हे, आणि ते त्याला स्पष्ट सांगावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत तोंडात धरण्याच्या तंबाखूसाठीही समुपदेशनाबरोबर वॅरेनिक्लिन किंवा निकोटिन पर्यायी उपचार सुचविलेला आहे.

कर्नाटकात तंबाखूविक्रीसाठी किमान वय १८ वरून २१ करणारी आणि सुट्या सिगारेटींच्या विक्रीस मनाई करणारी दुरुस्ती मे २०२५ मध्ये अमलात आली. तेव्हापासून १९-२० वर्षांचे काही तरुण दवाखान्यात बोलायला कचरू शकतात. या तरतुदीतील शिक्षा विकणाऱ्याला आहे. मदत मागणाऱ्या तरुणावर तिने काहीही बालंट येत नाही.

दवाखाना लांब असेल, किंवा गावात ओळखीचे लोक भेटतील असा संकोच असेल, तर दूरध्वनी आहे. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा नि:शुल्क क्रमांक २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत सुरू झाला. २०१८ मध्ये मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि बंगळूरची निम्हान्स यांसारख्या संस्थाही जोडल्या गेल्या. बिडीच्या बंडलावर, इशाऱ्याच्या चित्राखाली हाच क्रमांक छापलेला असतो. घरी मराठी आणि कचेरीत कन्नड अशी जगण्याची विभागणी असलेल्या तरुणाने कोणत्या भाषेत बोलायचे, ते सुरुवातीलाच सांगावे; मनातली भीती आणि लाज दुसऱ्या भाषेत नीट उतरत नाही. तारीख ठरली की पुढे केंद्राकडूनच विचारपूस करणारे फोन येतात. बिडीबरोबर उदासी, झोप न लागणे किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार असतील, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे; तेथेही मराठीत बोलता येते.

एखाद्या लग्नात, जत्रेत किंवा मित्राच्या आग्रहाने एक बिडी ओढली गेली, तर औषध बंद करू नये आणि नवी तारीखही शोधत बसू नये. त्याच दिवशी समुपदेशकाला कळवून, ती कोठे आणि कोणासोबत ओढली गेली एवढे नोंदवून उपचार तसाच चालू ठेवावा. दूरध्वनी सेवेची वेळ सकाळी ८ ते रात्री ८ अशी असून सोमवारी ती बंद असते. म्हणून सोडण्यासाठी रविवार निवडू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तलफ जोरात असते आणि तेव्हा फोन उचलणारे कोणी असावे लागते.